वारा, वाट आणि बोली : जगातील धर्म पसरले कसे

गोव्याच्या सांगे तालुक्यातील रिवण गावी जांभ्या दगडात कोरलेल्या गुंफा आहेत. गावातील लोक त्यांना पांडवांच्या गुंफा म्हणतात. अभ्यासक मात्र त्यांचा संबंध बौद्ध भिक्षूंशी जोडतात. आत वाकूनच शिरावे लागते. बाहेर रणरणते ऊन असले तरी आतला दगड हाताला गार आणि ओलसर लागतो, आणि डोळे अंधाराला सरावले की भिंतीवरचे छिन्नीचे घाव एकेक करून दिसू लागतात. तिकडे उत्तरेला, बार्देशातील कोलवाळ येथे १९३० साली फादर हेरास या स्पॅनिश जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघातील) इतिहाससंशोधकांना एक बुद्धमूर्ती सापडली. आज ज्या गोव्याची ओळख देवळे आणि इगर्जी (चर्च) यांनी होते, त्याच्या मातीत हा तिसराच धर्म केव्हा रुजला आणि केव्हा मावळला, असा प्रश्न अशा वेळी मनात येतो.

श्रीलंकेच्या ‘महावंस’ या पाली ग्रंथात सांगितले आहे की, सम्राट अशोकाच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, पाटलिपुत्रातील धर्मसंगीतीनंतर निरनिराळ्या प्रदेशांत भिक्षू पाठवण्यात आले आणि अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धम्मरक्खित नावाचा भिक्षू आला. त्याच्या नावामागे ‘योनक’ हे विशेषण आहे. योनक म्हणजे यवन, ग्रीक वंशाचा माणूस. हिमालयाच्या पायथ्याशी जन्मलेल्या बुद्धाची शिकवण एका ग्रीकाने कोकणात आणली, असे ही परंपरा सांगते. धर्मांचा प्रसार समजून घ्यायचा असेल तर ही एक नोंद मला नकाशावरच्या रंगीत पट्ट्यांपेक्षा अधिक बोलकी वाटते, कारण नकाशा धर्माची जागा दाखवतो, त्याला वाहून नेणारा माणूस दाखवत नाही.

आजचे चित्र थोडक्यात असे आहे. २०२० सालच्या अंदाजानुसार जगात सुमारे २३० कोटी ख्रिस्ती, २०० कोटी मुस्लिम, १२० कोटी हिंदू आणि ३२ कोटींच्या आसपास बौद्ध आहेत. ज्यू जेमतेम दीड कोटी आहेत. जगातील जवळजवळ चौथा हिस्सा लोक स्वतःला कोणत्याच धर्माचे म्हणवत नाहीत आणि त्यांतील बहुसंख्य चीनमध्ये राहतात. अभ्यासक या धर्मांचे ढोबळमानाने दोन गट करतात. एका गटातले धर्म मुख्यतः जन्माने मिळतात आणि आपल्या माणसांबरोबरच स्थलांतर करतात. दुसऱ्या गटातले धर्म आपली शिकवण सर्वांसाठी आहे असे मानतात आणि ती परक्यांपर्यंत पोहोचवणे हे कर्तव्य समजतात. ही विभागणी सोयीची असली तरी पुरती खरी नाही. हिंदू धर्माला पहिल्या गटात बसवले जाते, परंतु बोर्निओ बेटावरच्या कुताई येथे मूलवर्मन राजाचे, यज्ञ आणि गोदानाचा उल्लेख करणारे संस्कृत शिलालेख सापडले आहेत आणि ते सुमारे इसवी सन ४०० इतके जुने आहेत. बाराव्या शतकात कंबोडियातील दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने अंगकोर वाट बांधले ते विष्णूसाठी. तेथे भारतातून सैन्य गेले नव्हते. व्यापारी गेले, त्यांच्यामागून ब्राह्मण गेले आणि तेथील राजांना राज्य उभे करण्यासाठी जे विधी, जी लिपी आणि जी प्रतिष्ठा हवी होती ती त्यांनी स्वतः बोलावून घेतली.

बौद्ध धर्माची वाटचाल यापेक्षा लांबची आहे. अशोकाचा राजाश्रय महत्त्वाचा होता यात शंका नाही, परंतु राजा गेल्यावरही धर्म टिकला तो व्यापारी मार्गांमुळे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत धेनुकाकट येथील यवनही आहेत. घाटवाटांनी बंदराकडे जाणाऱ्या तांड्यांना विहारांत आसरा मिळे आणि विहारांना तांड्यांकडून दान मिळे. हीच व्यवस्था पुढे मध्य आशियातील मरूद्यानांमधून चीनपर्यंत पोहोचली. तेथे खरी अडचण भाषेची होती. ‘बोधी’, ‘निर्वाण’ या शब्दांना चिनी भाषेत प्रतिशब्दच नव्हते, म्हणून सुरुवातीच्या भाषांतरकारांनी ताओ विचारातील शब्द उसने घेतले आणि चिनी वाचकाला बुद्ध काही काळ आपल्याच एखाद्या जुन्या ऋषीसारखा वाटू लागला. पिता भारतीय आणि माता कुचा राज्याची राजकन्या असलेला कुमारजीव ४०१ साली चांगआन येथे पोहोचला, आणि त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी केलेली भाषांतरे आजही चिनी विहारांत म्हटली जातात. चीनमधून हा धर्म कोरियात आणि सहाव्या शतकात कोरियातून जपानात गेला. ज्यावर निश्चित तारीख आहे असे जगातील सर्वांत जुने छापील पुस्तक ८६८ सालचे आहे आणि तेही एक बौद्ध सूत्रच आहे. जन्मभूमीत मात्र राजाश्रय आटला, मोठी विहारे उद्ध्वस्त झाली आणि हा धर्म जवळजवळ दिसेनासा झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह दीक्षा घेतली तेव्हा महाराष्ट्रात तो नव्याने उभा राहिला. राजा नाही, व्यापारी तांडा नाही, केवळ समतेच्या मागणीतून झालेले असे धर्मांतर जगाच्या इतिहासात दुर्मीळ आहे.

ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्यात इतका झपाट्याने कसा वाढला, हे कोडे अभ्यासकांना बराच काळ पडले होते. चमत्कार किंवा सम्राटाची कृपा अशी दोन उत्तरे दिली जात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी यावर साधे चक्रवाढीचे गणित मांडले. इसवी सन ४० मध्ये अनुयायी अवघे १,००० होते असे धरा आणि दर दहा वर्षांनी त्यांत ४० टक्के भर पडत गेली असे समजा. म्हणजे वर्षाला साडेतीन टक्क्यांहूनही थोडी कमीच वाढ झाली. १०० साली ते साडेसात हजार होतात, २०० साली दोन लाखांच्या पुढे जातात आणि ३०० सालापर्यंत साठ लाख ओलांडतात. पहिली दीडशे वर्षे ही वाढ कोणाच्या नजरेतही भरत नाही आणि शेवटच्या पन्नास वर्षांत ती एकाएकी उसळल्यासारखी दिसते, परंतु वेग तोच असतो. वर्षाला शंभर माणसांमागे तीन-चार माणसे जोडायला मोठ्या सभांची गरज नसते. शेजार, सोयरीक आणि आजारपणातली शुश्रूषा एवढे पुरते. कॉन्स्टंटाइनने ३१३ साली या धर्माला मोकळीक दिली तेव्हा तो मूठभरांचा राहिला नव्हता. त्याला साम्राज्यातील रस्त्यांची आणि सर्वत्र समजणाऱ्या ग्रीक भाषेची साथ मिळाली. पुढे त्याच्या शाखा झाल्या, युरोपीय गलबतांबरोबर तो अमेरिकेत गेला, आणि आज जगातील सर्वाधिक ख्रिस्ती सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहेत.

इस्लामविषयी तलवारीचे चित्र सर्वांच्या मनात असते. ६२२ साली पैगंबर मुहम्मद यांनी मक्केहून मदिनेला हिजरत केली आणि पुढच्या शंभर वर्षांत मुस्लिम सत्ता स्पेनपासून सिंधपर्यंत पोहोचली हे खरे आहे. परंतु सत्ता पसरणे आणि धर्म पसरणे या दोन वेगळ्या घटना आहेत. इराणचे ससानी साम्राज्य सातव्या शतकाच्या मध्याला कोसळले. इतिहासकार रिचर्ड बुलिएट यांनी जुन्या चरित्रकोशांतील वंशावळी तपासून, कोणत्या पिढीत इराणी नावाच्या बापाने मुलाचे नाव मुस्लिम ठेवले हे मोजले, तेव्हा बहुसंख्य लोक मुस्लिम होण्यास नववे शतक उजाडले असावे असे त्यांना दिसले. म्हणजे मध्ये सुमारे दोनशे वर्षे गेली. ज्या इंडोनेशियात आज सर्वाधिक मुस्लिम राहतात तेथे तर अरब सैन्य कधी उतरलेच नाही.

तेथे इस्लाम नेला वाऱ्याने, आणि ही गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसाला लवकर पटावी. आपण ‘मोसम’ म्हणतो तो शब्द मूळचा अरबी आहे. नैर्ऋत्येचा वारा आला की अरबस्तानातून गलबते इकडे येत आणि वारा उलटला की परत जात. मधले काही महिने व्यापाऱ्याला बंदरातच काढावे लागत. तेथे त्याची बिऱ्हाडे होत, स्थानिक स्त्रियांशी लग्ने होत, मुले होत आणि नमाजासाठी एखादी जागा लागे. गोव्यातही तसेच झाले. अकराव्या शतकातील कदंब राजा पहिला जयकेशी याच्या काळच्या ताम्रपटात ताजिक, म्हणजे अरब, कुळातील एका अधिकाऱ्याचा आणि ‘मिजिगिती’चा उल्लेख येतो. मशीद या शब्दाला संस्कृत वळण देऊन घडवलेला हा शब्द आहे. शिवभक्त कदंबांच्या राज्यात, संस्कृत ताम्रपटात, मशिदीसाठी असा शब्द घडवावा लागला, यातच त्या शेजाराचा पुरावा आहे.

सोळाव्या शतकात गोव्यात जे झाले ते याहून अगदी निराळे होते आणि ते निराळे होते असे स्पष्ट म्हटले पाहिजे. २५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनानी आफोन्सो दे आल्बुकर्क याने गोवा निर्णायकपणे जिंकले. १५४२ साली फ्रान्सिस झेवियर येथे उतरले. त्यानंतरच्या काळात देवळे पाडली गेली, १५५९ साली अनाथ हिंदू मुले पाद्र्यांच्या स्वाधीन करण्याचा कायदा झाला आणि १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षे वगळता, इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मद्रोहाचा तपास करून शिक्षा देणारे, न्यायासन येथे चालू होते. लोकांनी देव उचलले आणि नदी ओलांडली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. ज्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, हे देव सुरक्षित राहिले तो त्या वेळी विजापूरच्या आदिलशहाच्या ताब्यात होता, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर पलीकडच्या नार्व्यात गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथे त्याचे देऊळ बांधवले. आजही दिवाडीहून नार्व्याला फेरीबोट जाते. दुचाक्या चढतात, साखळी खडखडते, खाजणाचा खारा वास येतो आणि काही मिनिटांत पलीकडचा धक्का लागतो. जुन्या काबिजादी (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेला मुलूख) आणि नव्या काबिजादी (नंतर जिंकलेला मुलूख) यांच्यातला धार्मिक फरक, जो आजही गावागावांत दिसतो, तो या एवढ्याशा पाण्याने पाडलेला आहे.

तरीही केवळ जबरदस्तीने सगळे उलगडत नाही. सत्तेने लोक इगर्जीत आणले, परंतु तो धर्म त्यांच्या मनात उतरायचा तर त्याला त्यांच्या बोलीत बोलावे लागले. थॉमस स्टीफन्स या इंग्लंडात जन्मलेल्या जेझुइट धर्मगुरूने रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. ते ओवीबद्ध मराठीत आहे, त्यात अकरा हजारांच्या आसपास ओव्या आहेत आणि त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. त्याच्या बाराशेहून अधिक वर्षे आधी चिनी भाषांतरकारांनी ताओ शब्द उसने घेतले होते, तोच हा मार्ग. लग्नाआधी हिंदू घरात हळद लागते, तर ख्रिस्ती घरात नारळाच्या रसाचा ‘रोस’ होतो. जातही धर्मांतराबरोबर गेली नाही. बामण आणि चारडी हे भेद ख्रिस्ती समाजात उरले, आणि समतेची शिकवण देणाऱ्या धर्माला ते मोडता आले नाहीत, हे मला त्या इतिहासातले एक दुखरे सत्य वाटते. दुसरीकडे, ज्या भूमीवर धर्म लादला गेला त्याच भूमीतून तो बाहेरही गेला. बाणावलीचे जुझे वाझ १६८७ साली वेष पालटून श्रीलंकेत गेले. तेथे डच सत्तेने कॅथलिकांचा छळ चालवला होता आणि वाझ यांना आश्रय मिळाला तो कँडीच्या बौद्ध राजाकडून. २०१५ साली त्यांना संतपद मिळाले.

लहान धर्मांचा प्रवास बहुधा कुटुंबांबरोबरच झाला. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर पाडले गेले आणि ज्यू लोकांची पांगापांग वाढली. कोकणातले बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. त्यांनी आपल्या कथा मराठी कीर्तनांतून सांगितल्या. इराणातून आलेले पारशी गुजरातच्या किनाऱ्यावर स्थिरावले. पंजाबात गुरू नानकांपासून सुरू झालेला शीख पंथ विसाव्या शतकात कॅनडा आणि ब्रिटनपर्यंत पोहोचला. १८३४ नंतर मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर नेले गेले तेव्हा त्यांत मराठी माणसेही होती आणि त्यांच्या वंशजांकडे आजही गणपती बसतो.

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात ६६ टक्के हिंदू, २५ टक्के ख्रिस्ती आणि ८ टक्क्यांहून थोडे अधिक मुस्लिम आहेत. हे रकाने खरे आहेत, पण त्यांत न मावणारेही येथे बरेच आहे. म्हापशाच्या इगर्जीत मिलाग्रीस सायबिणीचे (मेरीमातेचे) फेस्त असते तेव्हा हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही तेल घेऊन रांगेत उभे राहतात, कारण ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण आहे असे गाव मानते. आणि गावोगावच्या सातेरी या ग्रामदेवीच्या गर्भागारात मूर्तीच्या जागी वारूळ असते. लाल मातीचे, पुरुषभर उंच, काही ठिकाणी चांदीचा मुखवटा चढवलेले. तिला संस्थापक नाही, ग्रंथ नाही आणि प्रचारक तर नाहीच. ती कुठून आली नाही आणि कुठे गेली नाही. जनगणनेत ती हिंदू रकान्यात येते, पण तिच्यासमोर गाऱ्हाणे घालणारा गावकरी गावच्या सीमा, पाणी आणि शेत यांचेच नाव घेत असतो.