नखांवरची निळाई आणि भादव्यातली हवा

लाल किंवा गुलाबी नेलपॉलिशमध्ये थोडाफार गोंधळ खपून जातो. निळ्यात खपत नाही. ब्रश जरा वाकडा फिरला, थर एके ठिकाणी पातळ पडला की लगेच पट्टे दिसतात, आणि पावसाळ्यात तर चकचकीत गडद निळ्यावर पिठूळ पांढरट झाक येते. गणपतीला चाकरमानी गावी पोचायच्या आधी घरोघरी पोरी नखं रंगवायला बसतात, तेव्हा रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत ही तक्रार ऐकू येते. दोष नेहमी हाताला दिला जातो. माझ्या मते हाताचा दोष त्यात थोडाच. निळ्या रंगद्रव्याचा गुण आणि किनाऱ्यावरची हवा, एवढ्या दोन गोष्टी समजल्या तर पहिल्यांदा ब्रश धरणारीलाही बरं जमतं.

आधी रंगद्रव्य. बाटलीच्या खोक्यावर बारीक अक्षरांत ‘सीआय’ (कलर इंडेक्स, म्हणजे रंगद्रव्यांची क्रमांकवार यादी) आणि पुढे पाच आकडे छापलेले असतात. निळ्या बाटलीवर बहुतेकदा ७७५१० किंवा ७७००७ सापडतो. पहिला क्रमांक प्रशियन ब्लूचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये लाल रंग बनवायच्या खटपटीत हा लोहाचा निळा रंग चुकून हाती लागला. दुसरा अल्ट्रामरीनचा. शेकडो वर्षं तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून निघणाऱ्या राजावर्त दगडापासून काढत, आणि त्याला किंमतही तशीच पडे. १८२० च्या दशकात तो कारखान्यात बनवता येऊ लागला आणि इतका स्वस्त झाला की पांढऱ्या कपड्यांना द्यायची पूड-नीळ म्हणून घराघरांत पोचला. त्याचा निळेपणा येतो तो जाळीदार स्फटिकात कोंडलेल्या गंधकाच्या तीन-तीन अणूंमुळे.

या दोघांची अडचण एकच आहे. पॉलिशमधून जाणारा प्रकाश परत फिरतो तो अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो त्याचं माप, बदलतो तिथे. पॉलिशची फिल्म ज्या नायट्रोसेल्युलोजची असते त्याचा अपवर्तनांक सुमारे १.५. अल्ट्रामरीनचाही जवळपास तेवढाच, आणि प्रशियन ब्लूचा किंचित जास्त. त्यामुळे प्रकाश या कणांवरून परतत नाही. थोडा शोषला जातो, उरलेला आरपार नखापर्यंत पोचतो. खाली गुलाबी नख, वर पारदर्शक निळा, म्हणून पहिला थर जांभळट आणि मळकट दिसतो. कंपन्या यावर उपाय म्हणून टायटॅनियम डायऑक्साइड घालतात (क्रमांक ७७८९१). त्याचा अपवर्तनांक २.७ च्या आसपास, त्यामुळे तो झाकण्याचं काम चोख करतो. पण तो पांढरा, म्हणून निळा फिकट आकाशी होतो. गडद, खोल निळा हवा असेल तर पांढरा कमी घालावा लागतो आणि रंग पुन्हा पारदर्शक होतो. यातून सुटका नाही.

सुटका नाही तर त्याचा फायदा घ्यावा. नवशिक्यांसाठी माझ्या मते सगळ्यात उत्तम डिझाइन इथेच आहे, आणि त्याला रेघ ओढायचं कसब लागत नाही. पाचही नखांना आधी पांढऱ्या पॉलिशचा थर द्या. तो पूर्ण वाळला की एकाच पारदर्शक निळ्या बाटलीतून करंगळीला एक थर, अनामिकेला दोन, मधल्या बोटाला तीन, असं चढत जा. अंगठ्यापर्यंत पाच वेगळे निळे मिळतात. प्रकाश प्रत्येक थरातून दोनदा जातो, पांढऱ्याकडे जाताना आणि परतताना, आणि दर खेपेला त्यातला लाल-पिवळा भाग काही हिश्शाने घटतो. तारकर्लीला पाणी नितळ असतं तेव्हा वाळूलगत फिकट हिरवट-निळं आणि आत गडद दिसतं, त्यामागेही हेच आहे: पाणी लाल प्रकाश जास्त शोषतं आणि तळाची फिकी वाळू उरलेला परत पाठवते. बाटली पारदर्शक आहे का हे घरीच तपासता येतं. वर्तमानपत्राच्या अक्षरांवर थेंब टेकवून पातळ पसरवा. अक्षर वाचता आलं तर हे डिझाइन जमेल. थर मात्र अगदी पातळ हवेत, आणि दोन थरांमध्ये दहा मिनिटं तरी जायला हवीत. जाड थर वरून लवकर सुकतो, त्याखाली सायीखालच्या दुधासारखं ओलं द्रावण अडकतं, आणि ते बाहेर पडताना बुडबुडे सोडून जातं.

आता हवेकडे. नेलपॉलिश सुकतं म्हणजे त्यातली इथाइल ॲसिटेट आणि ब्युटाइल ॲसिटेट ही द्रावकं उडून जातात. उडताना ती नखावरच्या थराची उष्णता घेऊन जातात आणि थर गार पडतो. सोलापूरला एप्रिलमध्ये याने काही बिघडत नाही. कोकणात श्रावण-भादव्यात बिघडतं. हवा २७ अंश सेल्सियस आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू असतो सुमारे २५ अंशांवर, म्हणजे थर दोन अंशांनी गार झाला तरी हवेतलं बाष्प त्यावर बसू लागतं. तेच तापमान आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू १६ अंशांच्याही खाली असतो, इतका गारठा थराला येत नाही. पाणी मिसळलं की नायट्रोसेल्युलोज द्रावणातून बाहेर पडतं, त्याचे सूक्ष्म गठ्ठे आणि पोकळ्या तयार होतात, आणि त्यावरून विखुरलेला प्रकाश आपल्याला पांढरट दिसतो. गाड्यांना लॅकर मारणाऱ्या पेंटरांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. पावसात ते काम टाळतात ते उगीच नाही. पांढऱ्या किंवा फिक्या गुलाबी पॉलिशवरही हे घडतंच, फक्त दिसत नाही. गडद निळ्यावर लपायला जागा नसते.

यातून पुढचं सगळं आपोआप ठरतं. पंखा फुल करून त्याखाली हात धरणं हा सगळ्यांचा पहिला उपाय, आणि दमट दिवशी नेमका तोच उलटतो: द्रावक भराभर उडतं, थर जास्त गार पडतो, वर पंखा ताजी ओलसर हवा आणून देत राहतो. घट्ट झालेली बाटली पातळ करायला ॲसिटोन घालणं हा दुसरा उलटणारा उपाय. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, इथाइल ॲसिटेट ७७ ला, ब्युटाइल ॲसिटेट १२६ ला. जितकं चपळ द्रावक, तितका थर गार. दुकानात नेलपॉलिश थिनर मिळतं ते ॲसिटेटचं असतं, त्याचे दोन थेंब पुरतात. वेळ निवडायची तर दुपारची निवडा. दिवसातलं तापमान तेव्हा सर्वांत जास्त आणि सापेक्ष आर्द्रता सर्वांत कमी असते. हरतालिकेच्या आदल्या रात्री अकरा वाजता, बाहेर धो धो कोसळत असताना बसाल तर पांढरट झाक येणारच. आलीच तर पुसू नका. दुसऱ्या दिवशी उघडीप असताना वर पारदर्शक टॉपकोटचा पातळ हात मारला की त्यातलं द्रावक वरचा भाग पुन्हा विरघळवतं आणि बरेचदा झाक निघून जाते.

पावसात वीज गेली म्हणून मेणबत्ती लावून नखं रंगवत बसणं मात्र खरंच धोक्याचं आहे. नायट्रोसेल्युलोज म्हणजे गनकॉटन या स्फोटकाचाच परिवार, जो शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४६ च्या सुमारास जगापुढे आणला. बंदुकीच्या दारूतून तो १९२० च्या दशकात मोटारींच्या रंगात आणि तिथून नखांवर आला. बाटलीतली द्रावकंही पेट घेणारी, आणि त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे खालून पसरते. निरांजन, अगरबत्ती, गॅसची शेगडी यांच्या जवळ ही बाटली उघडू नये.

नखाचं स्वतःचं पाणी हाही एक मुद्दा आहे. नख केराटिनचं, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, आणि पाणी पटकन शोषणारं. भांडी घासून किंवा मोदकांची उकड मळून उठलात की ते फुगलेलं असतं. त्यावर पॉलिश लावलं तर नख नंतर आकसतं, फिल्म तेवढी आकसत नाही, आणि टवके उडतात. म्हणून आधी मोदक, मग अर्धा-पाऊण तास थांबून पॉलिश. खोबरेल तेलाचा हातही नखांवर राहू देऊ नका; रिमूव्हरच्या कापसाने नख पुसून घ्या. तेल लावायचं ते सगळं वाळल्यावर, नखाच्या मुळाशी.

हात बसला की पाण्यावरची नक्षी करून बघावी. वाटीत साधं, खोलीच्या तापमानाचं पाणी घ्या आणि त्यावर निळ्याचा एक थेंब अलगद सोडा. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रतिमीटर, इथाइल ॲसिटेटचा २४ च्या जवळ. जास्त ताणाचं पाणी कमी ताणाच्या थेंबाला चहूकडे ओढतं आणि थेंबाची गोल चकती होते. तिच्या मधोमध पांढरा, मग पुन्हा निळा, असं करत वर्तुळात वर्तुळं तयार होतात. काडीच्या टोकाने त्यातून रेघ ओढली की लाटा, भोवरे, हवं ते. बोट नख खाली करून पाण्याला समांतर बुडवायचं, पाण्यावर उरलेली साय काडीने गोळा करून बाजूला करायची, आणि मगच बोट वर काढायचं. बोटाच्या कातडीला आधी पेट्रोलियम जेली फासली असेल तर साफसफाई सोपी जाते. थेंब पसरलाच नाही, गोळा होऊन तळाला गेला, तर बहुधा वाटीचा दोष. नारळाच्या रसाच्या तेलकटपणाचा किंवा भांड्याच्या साबणाचा किंचित अंश जरी राहिला असला तरी पाण्याचा ताण उतरतो आणि खेळ संपतो. सोलकढीची वाटी या कामाला घेऊ नये. पाणी गरम असेल तर फिल्म हात घालायच्या आतच सुकते, हेही लक्षात असू द्या.

बांगडा माशाच्या पाठीवरची निळसर रुपेरी चमक नखावर आणायची असेल तर त्यासाठी साधा निळा चालत नाही. माशाची चांदी हा रंग नसतोच. त्वचेत आणि खवल्यांत ग्वानीनचे पातळ स्फटिक थरांनी रचलेले असतात आणि त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून चमक देतात. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात माशांच्या खवल्यांपासून हीच चमक काढून काचेचे नकली मोती बनवत. आता मोतिया पॉलिशमध्ये बहुतेक करून अभ्रकाचे पापुद्रे असतात (क्रमांक ७७०१९), त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिसूक्ष्म लेप. लेपाची जाडी वाढवत नेली की चमक रुपेरीतून सोनेरी, मग लाल, मग निळी होते, कुठलाही निळा रंग न घालता. हे पापुद्रे काळ्या किंवा गडद निळ्या थरावर टाकले तरच उठून दिसतात. पांढऱ्यावर ती चमक विरून जाते. खवल्यांसाठी युक्ती सोपी: गडद निळा वाळला की नखावर मच्छरदाणीचा छोटा तुकडा ताणून धरा आणि स्पंजच्या तुकड्याने मोतिया पॉलिश हलकेच टिपा. स्पंजवरचं जादाचं पॉलिश आधी कागदावर उतरवा, नाहीतर जाळीखाली पसरतं.

ठिपके तर कोणालाही जमतात. केसांच्या पिनेचं गोल टोक पॉलिशमध्ये बुडवून टेकवायचं, गोल आकार पृष्ठताण देतो. गडद निळ्यावर फिक्या निळ्याचे मोजके ठिपके दिले की किनाऱ्यावर काही रात्री नॉक्टिल्यूकाच्या सूक्ष्म जीवांमुळे लाटा चमकतात त्याची आठवण होते. मोजकेच द्या; नवशिक्यांचा हात इथे थांबत नाही.

काढण्याची गोष्ट. रिमूव्हर फिल्म विरघळवतो, पण प्रशियन ब्लू किंवा अल्ट्रामरीनचे कण त्यात विरघळत नाहीत, ते सुटे होऊन बोटभर पसरतात. कापूस नखावर दाबून दहा-पंधरा सेकंद थांबा आणि एकाच दिशेने ओढा. घासत बसलात की सगळं बोट निळं. काही निळ्या पॉलिशांमध्ये इतर रंगही असतात आणि ते नखात उतरतात, म्हणून निळ्याखाली पारदर्शक बेसकोट वगळू नये. डाग पडलाच तर तो नखाबरोबर वाढून जातो, पण हाताचं नख महिन्याला सुमारे तीनच मिलिमीटर वाढतं. कोकमाच्या आंबट आगळाने किंवा साबणाने निळं उतरेल का, असं कोणी विचारतं. सुटं अल्ट्रामरीन आम्लात फिकं पडतं आणि प्रशियन ब्लू अल्कलीत गंजासारखं तपकिरी होतं, हे खरं. पण फिल्ममध्ये बंद असलेल्या कणांपर्यंत आम्ल किंवा अल्कली सहसा पोचत नाही.

डाग नखाच्या वर नसून खाली दिसला, हिरवट-निळसर असला आणि नख कडेने सुटलं असेल, तर तो पॉलिशचा नाही. सतत पाण्यात हात असणाऱ्यांना स्यूडोमोनास जिवाणूंचा संसर्ग होतो आणि त्यांचं पायोसायनिन हे रंगद्रव्यच निळं-हिरवं असतं. त्यावर नवा थर देऊन झाकू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

जेल पॉलिश आणि अतिनील दिवा घरी सुरुवातीलाच नकोत. जेलमधली ॲक्रिलेट्स ही रसायनं नीट घट्ट न होता कातडीला लागत राहिली तर कायमची ॲलर्जी जडू शकते. जेल घट्ट करणारं टीपीओ हे रसायन युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदच केलं आहे.

शेवटची एक कामाची सूचना. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश नखातून पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतो. निळं पॉलिश नेमका लाल प्रकाश शोषतं, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी येऊ शकतो. शिवाय ऑक्सिजन कमी पडल्यावर नखं खरोखरच निळी पडतात, तेही डॉक्टरांना दिसत नाही. शस्त्रक्रियेआधी पॉलिश काढायला सांगतात ते यासाठी. अचानक दवाखान्यात जावं लागलं तर एका तरी बोटाचं पुसून जा, आणि रिमूव्हर हाताशी नसेल तर ऑक्सिमीटर बोटाला आडवा, नख टाळून लावायला सांगा.