रॉक कलावंतांचे उतारवय

तरुणपणी गाजलेले रॉक गायक-वादक वय झाल्यावरही कार्यक्रम करत राहतात, पण त्यांचे नाव हळूहळू मागे पडत जाते. ही नोंद त्या अवस्थेविषयी आहे. ब्रिटन आणि अमेरिका या रॉकच्या दोन्ही माहेरघरांत १९७० च्या सुमारापासून ती ठळकपणे दिसते. ऐंशीतही मैदाने भरवणारे मिक जॅगर किंवा पॉल मॅकार्टनी हे अपवाद आहेत. बाकीच्यांच्या वाट्याला छोटी सभागृहे, कॅसिनो आणि जत्रांमधले मंच येतात.

रॉक ज्यातून निघाले त्या ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतात म्हातारपण हे भांडवल असते. ब्लूज गायक जॉन ली हूकरला सत्तरी उलटल्यावर, १९८९ च्या ध्वनिमुद्रिकेमुळे, नवा श्रोता मिळाला. रॉकने मात्र तारुण्य हाच आपला विषय केला आणि पुढे तोच नडला. ‘द हू’ या बँडच्या १९६५ च्या ‘माय जनरेशन’ या गाण्यात म्हातारे होण्याआधी मरण यावे अशी इच्छा आहे. ते लिहिणारा पीट टाउनशेंड तेव्हा विशीत होता. ड्रमवादक कीथ मून १९७८ मध्ये ३२ व्या वर्षी गेला. बासवादक जॉन एन्टविसल २००२ मध्ये अमेरिका दौऱ्याच्या आदल्या दिवशी गेला, तरी तो दौरा झालाच. टाउनशेंड आणि गायक रॉजर डाल्ट्री यांनी ऐंशीत पोचल्यावर, २०२५ मध्ये, उत्तर अमेरिकेत निरोपाचा दौरा केला. निरोपाचा त्यांचा पहिला दौरा १९८२ मध्येच झाला होता! रॉकमधला निरोप फारसा मनावर घ्यायचा नसतो.

या क्षेत्रात म्हातारपण येतेही लवकर. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १९५० च्या दशकातल्या गायकांना एकत्र आणणारे ‘पुनरुज्जीवन’ कार्यक्रम सुरू झाले, तेव्हा त्यातले बरेच जण जेमतेम तिशी-पस्तिशीचे होते. ऑक्टोबर १९७१ मध्ये तिथल्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डन या मोठ्या सभागृहात १९५० च्या दशकातला लाडका गायक रिक नेल्सन आला तो लांब केस आणि नवी गाणी घेऊन. लोकांना हवा होता तो टीव्हीवरचा जुना, गोजिरवाणा रिकी. त्याची हुर्यो उडाली. ती सभागृहातल्या पोलिसांना उद्देशून होती असेही सांगतात, पण त्याने ती स्वतःवर घेतली आणि तो निघून गेला. त्याचे वय होते ३१. या प्रसंगावर त्याने लिहिलेले गाणे १९७२ मध्ये चालले आणि तेच त्याचे शेवटचे मोठे यश ठरले. श्रोता आपले वाढते वय विसरायला आलेला असतो, मंचावरच्या माणसाने ते आठवून दिलेले त्याला चालत नाही. नवे गाणे सुरू झाले की लोक बिअर आणायला उठतात, हा जुन्या बँडांमधला जुनाच विनोद आहे.

माणूस विस्मरणात गेला तरी गाणे रेडिओवर आणि जाहिरातीत वाजत राहते. त्याचे पैसे कोणाला मिळतात, यावर अनेकांचे म्हातारपण ठरले. अमेरिकेत साध्या (इंटरनेटवरच्या नव्हे) रेडिओवर गाणे वाजले की रॉयल्टी मिळते ती गीतकार-संगीतकाराला. गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला काहीच नाही. त्यामुळे एकाच बँडमधला गाणी लिहिणारा सुखात आणि ड्रमवादक साठीतही बसमधून गावोगाव, असे घडते. युरोपात कलाकारांनाही वाटा मिळतो. तिथे २०११ मध्ये ध्वनिमुद्रणावरच्या हक्काची मुदत ५० वरून ७० वर्षे झाली. वृत्तपत्रांनी या मुदतवाढीला क्लिफ रिचर्ड या जुन्या ब्रिटिश गायकाचे नाव दिले. गंमत म्हणजे रिचर्डची १९५८ ची पहिली ध्वनिमुद्रणे तोवर मुदतीबाहेर गेली होती.

रॉकच्या पहिल्या पिढीतला अमेरिकी गायक-गिटारवादक चक बेरीने या व्यवहाराचा हिशेब सरळ ठेवला होता. गिटार घेऊन तो एकटाच गावोगाव जाई. साथीला त्या-त्या गावातली पोरे असत. सराव नाही, गाण्यांची यादी नाही, आपली गाणी त्यांना पाठ असणारच हे त्याने गृहीत धरलेले. मानधन रोख, तेही मंचावर पाऊल ठेवण्याआधी. करचुकवेगिरीबद्दल १९७९ मध्ये त्याला तुरुंगवास झाला. यातले कितीतरी कार्यक्रम त्याने नुसते उरकले. पण याच बेरीने १९९६ ते २०१४ या काळात सेंट लुइस या आपल्या गावी एका रेस्टॉरंटच्या तळघरात, साधारण महिन्यातून एकदा, २०० हून अधिक वेळा वाजवले. काही शे माणसांची जागा, साथीला मुलगा आणि मुलगी. त्याच्या उत्तरायुष्यातले सगळ्यात देखणे पर्व हेच.

शरीर आपला हिशेब वेगळा मागते. वर्षानुवर्षे मोठ्या अँप्लिफायरपुढे उभे राहून टाउनशेंडसारख्यांचे कान गेले. विशीत वरच्या पट्टीत बांधलेली गाणी सत्तरीत पेलत नाहीत. मग अख्खा बँड अर्धा-एक स्वर खाली उतरतो. गिटारच्या तारा सैल केल्या की भागते, श्रोत्यांच्या ते सहसा लक्षातही येत नाही. गळ्यालाच इजा झाली तर मात्र इलाज नसतो. गायक स्टीव्हन टायलरच्या अशा इजेमुळे ‘एरोस्मिथ’ या बँडने २०२४ मध्ये दौरे थांबवले. गायक-ड्रमवादक फिल कॉलिन्स २०२२ मध्ये लंडनला ‘जेनेसिस’ या आपल्या बँडच्या शेवटच्या कार्यक्रमात खुर्चीवर बसून गायला, ड्रमवर त्याचा मुलगा होता. पार्किन्सनने ग्रासलेला गायक ओझी ऑझबोर्न ५ जुलै २०२५ रोजी आपल्या बर्मिंगहॅम शहरात सिंहासनावर बसून गायला आणि १७ दिवसांनी गेला.

कधी माणसे संपतात आणि नाव उरते. ‘लिनर्ड स्किनर्ड’ या अमेरिकी बँडचा शेवटचा संस्थापक सदस्य गॅरी रॉसिंग्टन २०२३ मध्ये वारला, तरी बँड चालू आहे. मूळचा एकही सदस्य नसताना जुने नाव लावून फिरणाऱ्या गटांविरुद्ध अमेरिकेतल्या अनेक राज्यांना कायदे करावे लागले.

उलटा प्रवास विरळा. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या सिक्स्टो रॉड्रिगेझ या गायकाच्या १९७० आणि १९७१ च्या ध्वनिमुद्रिका अमेरिकेत पडल्या आणि तो इमारतींच्या पाडकामावर मजुरी करू लागला. दक्षिण आफ्रिकेत मात्र त्याची गाणी घरोघरी पोचली होती. तो मेला अशी तिथे समजूत होती, आणि त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. १९९८ मध्ये तो तिथे गेला तेव्हा हजारो लोक जमले. दौरा आटोपून तो डेट्रॉइटमधल्या आपल्या त्याच जुन्या घरात परतला आणि पुन्हा मजुरीला लागला.