फॉर्म बी वारंवार परत येतोय? प्राण्यांवरील प्रयोगाच्या परवानगीबद्दल थोडं सविस्तर

सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर झाला की एम.फार्म. आणि पीएच.डी.ची मुलं ॲनिमल हाऊसच्या दारात येऊन उभी राहतात. फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवर प्रयोग करण्याच्या परवानगीचा अर्ज, दोनदा परत आला की त्यांचा धीर सुटतो. एवढ्या वर्षांत पाहिलंय, अर्ज अडकतो तो ठरावीक तीन-चार जागीच. तेवढ्या जागा नीट समजून घ्या.

आधी पात्रता. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० आणि १९९८ चे नियम यांनुसार प्रयोग फक्त सीसीएसईए या प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीकडे (पूर्वीची सीपीसीएसईए) नोंदणी असलेल्या संस्थेतच करता येतो. नोंदणी ठरावीक मुदतीची असते. ती मुदत कधी संपते हे अर्ज भरण्याआधी विचारा. नूतनीकरणाची फाईल पडून राहिली म्हणून एका संस्थेत हे अर्ज तपासणाऱ्या संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची बैठकच झाली नाही आणि मुलांचं अख्खं सत्र वाया गेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चूक कार्यालयाची होती आणि भोगलं मुलांनी.

नाव, विभाग, निधी, कालावधी हे रकाने सरळ आहेत, गाइडला विचारून भरा. प्राणी नोंदणीकृत ब्रीडरकडूनच घ्यायचे आणि त्याचा नोंदणी क्रमांक लिहायचा.

आता पहिली अडचण, जो कागद कुणाकडेच नसतो तो, प्रशिक्षणाचा पुरावा. दोन तासांच्या ऑनलाइन व्याख्यानाचं प्रमाणपत्र मुलं जोडतात आणि समिती विचारते, “रॅट हातात धरलाय का?” प्रश्न रास्त आहे. तोंडावाटे औषध देताना सुई तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मोजायची असते. घाईत ती श्वासनलिकेत गेली की रॅट धडपडतो, नाकातून द्रव येतो आणि बऱ्याचदा तो हातातच जातो. हे व्याख्यान ऐकून शिकता येत नाही. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की शेपटी धरून उचललेले माइस जास्त घाबरलेले असतात. नळीतून किंवा ओंजळीत उचललेले तेवढे घाबरत नाहीत. घाबरलेल्या प्राण्याच्या आकड्यांवर प्रबंध उभा करायचा का, याचा विचार करा.

प्रशिक्षण मिळणार कुठे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तंत्रज्ञ आणि पर्यवेक्षकांसाठी असे अभ्यासक्रम घेतले आहेत, पण प्रत्येकाला तिथे जाणं जमत नाही. म्हणून आपल्याच ॲनिमल हाऊसच्या पशुवैद्यकांना गाठा. धरणं, तोंडावाटे डोस, रक्त घेणं यातलं काय, कोणत्या प्राण्यावर, किती वेळा आणि कुणाच्या देखरेखीखाली केलं याची तारीखवार नोंद ठेवा आणि त्यांची सही घ्या. ती पुरावा म्हणून चालेल का, हे समितीच्या सदस्य-सचिवांना आधीच विचारून ठेवा. मुलांना प्रयोग करायला सांगणाऱ्या संस्थांनी हे शिक्षण स्वतःहून द्यायला हवं. ते दिलं जात नाही आणि अर्ज मात्र परत पाठवले जातात, याचा मला मनापासून राग येतो.

दुसरी अडचण प्राण्यांच्या संख्येची. “मागच्या प्रबंधात ग्रुपमध्ये ६ होते” हे कारण होत नाही. आधीच्या कामातून फरकाचा अंदाज असेल तर पॉवर ॲनालिसिस करा, म्हणजे तो फरक दिसायला किमान किती प्राणी लागतील याचं संख्याशास्त्रीय गणित. तो अंदाज नसेल तर साधं सूत्र आहे, एकूण प्राण्यांमधून ग्रुपची संख्या वजा करायची आणि उत्तर १० ते २० च्या दरम्यान यायला हवं. पाच ग्रुप, प्रत्येकी ६, म्हणजे ३० वजा ५, उत्तर २५. जास्त झालं. प्रत्येकी ५ घेतले तर २५ वजा ५, उत्तर २०. बसतं. पाच जीव वाचले आणि अर्जही पुढे सरकला. हा हिशोब अर्जातच दाखवा.

तिसरी अडचण वेदनेच्या रकान्याची. “वेदना होणार नाही” असं लिहून मोकळे होऊ नका. सूज आणण्याचा प्रयोग असेल तर वेदना होणारच. कोणती भूल, किती मात्रेत, कोण देणार, नंतर किती तासांनी पाहणार हे लिहा. भुलीसाठी ईथर अजूनही लिहिलं जातं; ते ज्वालाग्राही आहे, श्वासमार्गाला त्रास देतं, ते टाळा. केटामाइन हे भुलीचं औषध शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत) येतं, त्यामुळे ते कुणाच्या परवान्यावर येणार हे आधी ठरवा. प्राण्याचा त्रास कोणत्या टप्प्याला थांबवणार हेही स्पष्ट हवं, उदाहरणार्थ वजन २० टक्क्यांनी घटलं की तो प्राणी प्रयोगातून बाहेर. शेवट कसा करणार आणि मृतदेहाची विल्हेवाट कशी लावणार, हे रकाने कोरे ठेवले तर अर्ज तिथेच थांबतो.

तारखांचा घोळ दरवेळी होतो. बैठक झाली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. मंजुरीचं पत्र आणि प्रोटोकॉल क्रमांक हातात येईपर्यंत एकही प्राणी मागवू नका. अर्जात सुरुवातीची तारीख बैठकीच्या आधीची पडली असेल तर ती दुरुस्त करा, कारण आधी प्रयोग आणि मागून परवानगी असं होत नाही. सीसीएसईएच्या नामनिर्देशित सदस्याची उपस्थिती बैठकीला लागते. त्यामुळे तारीख पुढे जाऊ शकते, तेवढी सवड वेळापत्रकात ठेवा.

रॅट, माइस, ससा यांचे अर्ज संस्थेच्या समितीतच निकाली निघतात. कुत्रा, माकड असे मोठे प्राणी असतील तर समितीच्या शिफारशीसह अर्ज दिल्लीला सीसीएसईएकडे जातो. त्याला जास्त वेळ लागतो.

मंजुरीनंतर डोस, जात किंवा संख्या बदलायची असेल तर आधी दुरुस्तीचा अर्ज द्या. विस्टार जातीचे रॅट मिळाले नाहीत म्हणून परस्पर स्प्रेग-डॉली जातीचे वापरू नका. वापरलेल्या प्रत्येक प्राण्याची फॉर्म डीमध्ये (प्राणी आणि प्रयोगांच्या नोंदीचा फॉर्म) त्याच दिवशी नोंद करा.