नागरिकत्वांतर, खेळाडूंचे

जन्मदेश सोडून स्वीकारलेल्या देशातर्फे आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरण्याची प्रथा. ती आधुनिक राष्ट्रवादाची उपज समजली जाते. ग्रीक साधने मात्र तिला बरेच मागे नेतात. इ. स. दुसऱ्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनिअस याच्या वृत्तान्तानुसार क्रोटॉन या दक्षिण इटलीतील ग्रीक नगराचा धावपटू अस्टिलॉस ऑलिंपिया येथे लागोपाठ तीन ऑलिंपिक उत्सवांत जिंकला. पैकी शेवटच्या दोन वेळी, सिसिलीतील सिराक्यूज या ग्रीक नगराच्या सत्ताधारी घराण्यातील हायरॉनची मर्जी राखण्यासाठी, त्याने स्वतःला सिराक्यूजचा म्हणवले. क्रोटॉनकरांनी त्याच्या घराचा तुरुंग केला आणि पुतळा पाडला. येथे कालगणना अडते. हे विजय साधारणतः इ. स. पू. ४८८, ४८४ व ४८० चे मानतात. पण सुमारे ४८५ ते ४७८ या काळात सिराक्यूजची सत्ता हायरॉनचा भाऊ गेलॉन याच्याकडे होती. पॉसेनिअसने भावांची गल्लत केली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. क्रीटच्या सोटाडीझचे प्रकरण सरळ आहे : आशिया मायनरमधील एफिसस या ग्रीक नगराच्या लोकांकडून पैसे घेऊन तो त्यांच्या नावे उतरला आणि क्रीटमधून हद्दपार झाला.

ऑलिंपिक सनदेच्या ४१ व्या नियमानुसार खेळाडू त्या देशाचा नागरिक हवा. पूर्वी दुसऱ्या देशातर्फे खेळला असल्यास मध्ये ३ वर्षे जावी लागतात. संबंधित राष्ट्रीय ऑलिंपिक समित्या व त्या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना राजी असल्यास मुदत घटते, म्हणजेच सोडणाऱ्या देशाच्या हाती अडवणूक उरते. केनियाचा स्टीफन चेरोनो २००३ मध्ये कतारचा सैफ सईद शाहीन झाला आणि त्याच वर्षी ३,००० मी. स्टीपलचेसचा (अडथळ्यांच्या शर्यतीचा) जगज्जेता ठरला. केनियाने सूट नाकारल्याने २००४ चे अथेन्स ऑलिंपिक हुकले. त्याच वर्षी ब्रुसेल्समध्ये त्याने नोंदवलेला ७ मि. ५३.६३ से. हा विक्रम २०२३ पर्यंत टिकला.

आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने २०१७ मध्ये असे बदल गोठवले. २०१८ च्या नियमांत ३ वर्षांची प्रतीक्षा, किमान वय २० आणि एकदाच बदलाची मुभा आली. शिवाय मिळालेले नागरिकत्व पूर्ण हक्कांचे आहे याचा पुरावा लागतो. नैतिकदृष्ट्या ही शेवटची अट सर्वांत वजनदार म्हणावी लागेल. टीका सहसा पैशांवर रोखलेली असते. खरा धोका पदकापुरता पासपोर्ट मिळून पुढे खेळाडू वाऱ्यावर सोडला जाण्याचा आहे.

भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने राष्ट्रीय फुटबॉल संघासाठी आधीचे सोडावेच लागते. पुणे एफसीकडून खेळलेल्या इझुमी अराता याने जपानी नागरिकत्व सोडले. क्रिकेटमध्ये नागरिकत्वाऐवजी त्या देशातील वास्तव्यही चालते : १९ वर्षांखालील भारतीय संघातून खेळलेला मुंबईचा सौरभ नेत्रावळकर २०२४ च्या टी-२० विश्वचषकात अमेरिकेकडून भारताविरुद्ध उतरला.