पर्यायी इतिहास (युद्धं, युत्या, साम्राज्यं)

पर्यायी इतिहास म्हणजे घडून गेलेल्या एखाद्या घटनेचा निकाल बदलायचा आणि तिथून पुढचं सगळं कसं गेलं असतं ते मांडायचं. आपल्याकडे याला सरळ जर-तर म्हणतात, आणि आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं म्हणून उडवूनही लावतात. जिथे बदल होतो त्याला या नोंदीत 'फाटा' म्हटलंय. फाटा बहुतेक वेळा लढाईतच सापडतो, कारण तिथे तारीख ठरलेली असते आणि निकालही दिवसा-दोन दिवसांत लागलेला असतो.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. बहुतेक जण लिव्ही या रोमन इतिहासकाराचं नाव घेतात. त्याने आपल्या इतिहासाच्या नवव्या भागात (लेखनकाळ ढोबळमानाने इ.स.पू. पहिल्या शतकाची अखेर) सॅम्नाइट युद्धाची (रोमची इटलीतल्याच सॅम्नाइट लोकांशी लढाई) हकिकत मध्येच थांबवून विचारलंय, की अलेक्झांडर आशिया जिंकून पश्चिमेकडे वळला असता तर रोमचं काय झालं असतं? अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ मध्ये बॅबिलोनला वारला, म्हणजे प्रश्न निव्वळ कल्पनेतलाच. लिव्हीचं उत्तर असं की रोमच जिंकलं असतं, कारण अलेक्झांडर एकटा आणि रोमकडे सेनापतींची रांग, त्याचं फॅलँक्स (भालाईतांची दाट रांग) एकसंध आणि जागचं न हलणारं तर लीजनचे (रोमन सैन्यदलाचे) भाग हवे तसे सुटे करता-जोडता यायचे, शिवाय उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या सत्तेशी रोमचे जुने तह होते, तेही मदतीला आलं असतं.

हे प्रकरण त्याने का लिहिलं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पार्थियनांचा (इराणातली, रोमची प्रतिस्पर्धी सत्ता) मोठेपणा गाऊन रोमला कमी लेखणाऱ्या काही ग्रीकांना लिव्ही तिथे टोमणा मारतो, त्यामुळे हे त्यांना दिलेलं उत्तर असावं असं एक मत. दुसरं मत, हा वक्तृत्वाच्या शाळेतला सराव, कारण अलेक्झांडरने महासागर ओलांडावा का यावर तिथे भाषणं व्हायची, थोरल्या सेनेकाने (वक्तृत्वावर लिहिणारा रोमन लेखक) तसे नमुने जपून ठेवलेत. मांडणीचा थाट बघता दुसरं मत जास्त पटतं, पण टोमणा तर मजकुरातच आहे, तो पुसता येत नाही.

काही जण हिरोडोटस या ग्रीक इतिहासकारापर्यंत मागे जातात. अथेन्सने समुद्रावर इराणी सम्राट झर्क्सिसला तोंड दिलं नसतं तर ग्रीस गेलंच होतं असं तो म्हणतो खरा, पण तो युक्तिवाद आहे, अख्खा प्रसंग रंगवलेला नाही. उलट बाजूला १४९० साली छापलेली मार्तोरेलची 'तिरांत लो ब्लांक' ही वीरकथा, जिच्यात नायक कॉन्स्टँटिनोपल तुर्कांपासून वाचवतो. शहर १४५३ मध्येच पडलेलं होतं, म्हणून काहींना हीच पहिली पर्यायी कथा वाटते, पण मनातली इच्छा कथेत पुरवून घेणं आणि फाटा ठरवून परिणाम शोधणं यात फरक करायला हवा. तो केला तर लुई जॉफ्र्वा या फ्रेंच लेखकाच्या १८३६ च्या पुस्तकापर्यंत थांबावं लागतं. त्यात नेपोलियन मॉस्कोत न अडकता पुढे सरकतो आणि शेवटी सगळं जग जिंकतो. या प्रकाराला 'यूक्रोनी' (नसलेला काळ) हे फ्रेंच नाव रनूव्हिये या तत्त्वज्ञाने दिलं, त्याचं त्याच नावाचं पुस्तक १८७६ चं.

इतिहासकारांत ई. एच. कार यांना हा बैठकीतला खेळ वाटायचा. नायल फर्ग्युसन यांनी १९९७ मध्ये अट घातली की त्या काळच्या माणसांनी खरोखर विचारात घेतलेले पर्यायच धरायचे. अट चांगली आहे, पण अचानक आलेल्या मृत्यूंचं काय, ते कुणीच विचारात घेतलेले नसतात.

युतीच्या बाबतीत ठळक उदाहरण १७६२ चं. सप्तवार्षिक युद्धात (१७५६-६३) रशिया आणि इतरांशी लढताना प्रशिया हे जर्मन राज्य पार टेकीला आलेलं, तेवढ्यात रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ वारली आणि तिच्या जागी आलेला तिसरा पीटर प्रशियाचा राजा फ्रेडरिकचा भक्त, त्याने लढाईच थांबवली. ती आणखी वर्षभर जगली असती तर, हा प्रश्न जर्मन इतिहासात कायम येतो. ऑटोमन (तुर्की) साम्राज्याने पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, २ ऑगस्ट १९१४ ला जर्मनीशी गुप्त करार केला नसता तर, हाही असाच प्रश्न.

साम्राज्यांमध्ये मंगोलांचा फाटा सगळ्यात वापरलेला आणि माझ्या मते सगळ्यात कच्चा. मंगोलांचा सर्वोच्च खान ओगेदेई डिसेंबर १२४१ मध्ये वारला, १२४२ मध्ये त्याच्या पुतण्याचं, बातूचं सैन्य हंगेरीतून परत फिरलं, म्हणून खान जगता तर पश्चिम युरोप गेला असता असं सांगतात. पण बातू नवा खान निवडायला मंगोलियात गेलाच नाही, व्होल्गाकाठी राहिला. घोड्यांना हंगेरीचं कुरण पुरलं नाही असं इतिहासकार डेनिस सिनोर यांचं मत होतं, आणि २०१६ मध्ये झाडांच्या वर्तुळांवरून झालेल्या अभ्यासात १२४२ च्या सुरुवातीला तिथे ओल आणि दलदल वाढल्याचं मांडलं गेलं. यावरही वाद आहेच, पण कारण चिखल असेल तर खानाला जगवून काही बदलत नाही, फाटा हवामानात घ्यावा लागेल.

मराठीत जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा याच जातीची, तिचा फाटा १७६१ च्या पानिपतात विश्वासरावांना चाटून गेलेल्या गोळीचा.