रांग, रीळ आणि शटडाउन : व्हॅक्सच्या ऑपरेटरच्या आज्ञा

सोलापूर स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर ज्यांनी कधी सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट काढलं असेल, त्यांचा व्हीएमएस नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमशी संबंध आलेला आहे, मग ते नाव कधी कानावर पडलेलं नसलं तरी. रेल्वेचं संगणकीकृत आरक्षण 1985 मध्ये दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात सुरू झालं ते ‘व्हॅक्स’ नावाच्या संगणकांवर; व्हीएमएस ही त्यांचीच ऑपरेटिंग सिस्टिम. पुढे रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संस्थेनं ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली लिहिली, तीही व्हीएमएसवरच, आणि 1999 मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रं तिनं एकमेकांना जोडली गेली. इथला कारकून कळ दाबायचा आणि बर्थ कुणाला मिळणार हे शेकडो किलोमीटर दूरच्या यंत्रावर ठरायचं.

अशा यंत्रापाशी एक माणूस बसलेला असे. तो आरक्षणाचा प्रोग्रॅम लिहीत नसे, तिकीटही काढत नसे. त्याला ऑपरेटर म्हणत. त्याच्या हातात कोणत्या आज्ञा होत्या आणि त्या तशा का घडवल्या होत्या, हे आजच्या संगणक शिकणाऱ्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही. मला ते सांगण्यासारखं वाटतं, कारण एका यंत्रावर अनेक माणसांचा हक्क असतो तेव्हा काय काय करावं लागतं, याचा इतका उघड धडा दुसरीकडे क्वचित मिळतो.

अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशननं व्हॅक्स-11/780 हे यंत्र 25 ऑक्टोबर 1977 रोजी जाहीर केलं. व्हीएमएसची पहिली आवृत्ती 1978 मध्ये आली. या जातीच्या यंत्रांना मिनिकॉम्प्युटर म्हणत, पण आकार मोठ्या कपाटांच्या रांगेएवढा. प्रोसेसर 5 मेगाहर्ट्झचा, मेमरी काही मेगाबाइट. आज खिशातला फोन त्याहून हजारो पटींनी वेगवान आहे. तरीही त्या एका प्रोसेसरवर डझनावारी लोक आपापल्या टर्मिनलवर, म्हणजे यंत्राला जोडलेल्या पडदा-कळफलकावर, एकाच वेळी काम करत आणि यंत्र आपल्या एकट्याचंच आहे असं प्रत्येकाला वाटे.

हे यंत्र आपण क्षणभर सोलापुरात आणू. समजा, 1980 च्या दशकातली एक कापडगिरणी आहे, तिच्या ऑफिसात एक व्हॅक्स आहे. हिशेब खातं, कापूस खरेदी, चादरींचा साठा आणि पगार, सगळं त्याच्यावर. जानेवारीचा दुसरा आठवडा चालू आहे. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा तोंडावर आली आहे आणि यात्रेआधी पगार हातात पडावा अशी कामगारांची अपेक्षा आहे. रात्रपाळीला ऑपरेटर कन्सोलपुढे, म्हणजे यंत्र चालवायच्या मुख्य टर्मिनलपुढे, बसलाय.

त्याची पहिली आज्ञा बहुतेक वेळा एकच असे : ‘शो सिस्टिम’. समोर सगळ्या प्रोसेसची, म्हणजे यंत्रावर सुरू असलेल्या प्रत्येक कामाची, यादी येते. प्रत्येकीचा क्रमांक, नाव, प्राधान्य, तिनं आतापर्यंत खाल्लेला प्रोसेसरचा वेळ आणि सर्वांत महत्त्वाचा रकाना, तिची अवस्था. ‘कर’ म्हणजे या क्षणी प्रोसेसर तिच्याकडे आहे. एक प्रोसेसर असलेल्या यंत्रात अशी प्रोसेस एकच. ‘कॉम’ म्हणजे तिला काम करायचंय, पण पाळी आलेली नाही. ‘एलईएफ’ म्हणजे ती कशाची तरी वाट बघतेय, बहुधा माणसाच्या बोटाची. ‘हिब’ म्हणजे कुणी उठवेपर्यंत झोपलेली.

ही यादी वाचायला शिकलं की टाइमशेअरिंगचं, म्हणजे एका यंत्राचा वेळ अनेकांत वाटण्याचं, गुपित उलगडतं. पन्नास माणसं बसली आहेत, पण त्यांतली पंचेचाळीस कोणत्याही क्षणी ‘एलईएफ’मध्ये आहेत. माणूस विचार करतो, कागद उलटतो, चहा पितो. यंत्राच्या हिशेबात दोन अक्षरांमधला माणसाचा वेळ म्हणजे प्रचंड मोठी सुट्टी. ती सुट्टी दुसऱ्याला वाटून देणं, इतकंच वेळापत्रक ठरवणाऱ्या प्रोग्रॅमचं काम. एका वेळची पाळी साधारण 200 मिलिसेकंदांची.

वाटणी सरसकट सारखी मात्र नसे. प्राधान्याच्या 32 पायऱ्या होत्या, 0 ते 31. वरच्या 16 तातडीच्या, वास्तव वेळेच्या कामांसाठी राखलेल्या. सामान्य वापरकर्त्याची पायरी 4. आता यातली खुबी बघा. तुम्ही टर्मिनलवर काही टाइप करून एंटर दाबलं की तुमच्या प्रोसेसला तात्पुरती 6 पायऱ्यांची बढती मिळे. डिस्कवरचं वाचन पूर्ण झालं तर 2 पायऱ्यांची. मग पाळी मिळेल तशी एकेक पायरी उतरत ती पुन्हा 4 वर येई. म्हणजे जो माणूस उत्तराची वाट बघत बसलाय त्याला आधी, आणि जो प्रोग्रॅम तासभर नुसती आकडेमोड करतोय त्याला उरलेल्या वेळात. लांब काम करणाऱ्यावर यात अन्याय होत नाही. माणसांना लागणारे तुकडे इतके छोटे असतात की त्याचं फारसं बिघडत नाही.

व्हीएमएसच्या रचनाकारांपैकी एक डेव्ह कटलर 1988 मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि 1993 मध्ये त्यांच्या गटानं घडवलेलं विंडोज एनटी, आजच्या विंडोजचं पूर्वज, बाहेर आलं. आजच्या विंडोजमध्येही प्राधान्याच्या पायऱ्या 32 च आहेत, वरच्या 16 तातडीच्याच, आणि कीबोर्डमुळे मिळणारी बढती 6 चीच. नवी पेठेतल्या एखाद्या दुकानात बिल छापणाऱ्या संगणकात हा हिशेब आजही चालू असतो.

इतकं सगळं यंत्र स्वतःच करत असेल तर ऑपरेटर कशाला? गिरणीतला जॉबर डोळ्यापुढे आणा. माग आपोआप चालतात, जॉबर स्वतः विणत नाही. पण कोणता माग थांबवायचा, कुणाला सूत आधी द्यायचं, कुठे धागा वारंवार तुटतोय, हे त्यालाच बघावं लागतं. यंत्राला प्राधान्याची पायरी कळते, यात्रा कळत नाही.

समजा, साठ्याचा अहवाल काढणारा एक प्रोग्रॅम बिघडला आणि गरगर फिरत बसला. ‘शो सिस्टिम’मध्ये तो सतत ‘कॉम’ किंवा ‘कर’ दिसतो, त्याचा प्रोसेसरचा वेळ भराभर वाढतो. ‘स्टॉप’ आज्ञेला त्याचा क्रमांक दिला की तो जागीच संपतो. पण आधी ‘सेट प्रोसेस’नं त्याचं प्राधान्य 4 वरून 3 वर आणणं हा जास्त शहाणपणाचा उपाय. तो मरत नाही, फक्त बाकी सगळ्यांनंतर त्याची पाळी येते. कदाचित तो बिघडलेला नसेलच, खरोखर लांबचं काम करत असेल. चांगला ऑपरेटर आधी टेलिफोन उचलून त्या खात्याला विचारतो, असं मला नेहमी वाटतं.

आता टेप. अर्धा इंच रुंद, 2400 फूट लांब चुंबकीय फितीचं रीळ. दर इंचाला 1600 अक्षरं या घनतेनं त्यावर सुमारे 40 मेगाबाइट मजकूर मावतो. टेप चढवायला हात लागतात आणि यंत्राला हात नाहीत. म्हणून व्हीएमएसमध्ये ‘ऑपकॉम’ नावाची कायम जागी असलेली प्रोसेस होती. कुणी ‘माउंट’ आज्ञा देऊन रीळ मागितलं की ऑपरेटरच्या पडद्यावर टक्केचिन्हांच्या ओळीत वेळेसह संदेश येई : अमुक नावाचं रीळ अमुक ड्राइव्हवर चढवा. विनंतीला क्रमांक असे. ऑपरेटर ‘रिप्लाय’ आज्ञेनं उत्तर देई आणि उत्तराचे तीन प्रकार होते : ‘झालं’, ‘थांबा, बघतो’ आणि ‘जमणार नाही’. वापरकर्त्याची प्रोसेस त्या उत्तरासाठी खोळंबून राहत असे. माणसाचं ‘थांबा, बघतो’ हे उत्तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या रचनेत धरलेलं होतं, ही मला या आज्ञासंचातली फार सुंदर गोष्ट वाटते.

रिळाच्या मागच्या खाचेत प्लॅस्टिकची एक कडी बसवता येई. कडी असेल तर टेपवर लिहिता येतं, काढली तर फक्त वाचता येतं. कोणत्याही आज्ञेनं हे बदलता येत नसे. गेल्या वर्षीच्या पगाराचं रीळ कडीशिवाय चढवलं की प्रोग्रॅम कितीही चुको, त्यावर नवं काही लिहिलं जाणार नाही.

‘बॅकअप’ आज्ञेत आणखी एक कारागिरी होती. टेपवर धुळीचा कण बसला तरी तिथला मजकूर जाऊ शकतो. म्हणून दर दहा ठोकळ्यांमागे एक जादा ठोकळा लिहिला जाई. दहाही ठोकळ्यांतल्या एकाच जागच्या बिटांमध्ये (बिट म्हणजे 0 किंवा 1) 1 किती आहेत ते मोजायचे. ते विषम असतील तर जादा ठोकळ्यात त्या जागी 1, सम असतील तर 0. दहांतला एखादा वाचता आला नाही, तर उरलेले नऊ आणि हा जादा मिळून हरवलेला ठोकळा जसाच्या तसा उभा करता येतो. एकाच गटातले दोन गेले तर मात्र इलाज नाही. 176 मेगाबाइटची भरलेली डिस्क टेपवर उतरवून घ्यायला निदान पाच रिळं लागत, आणि प्रत्येक रीळ संपलं की ऑपकॉम पुढचं मागे.

पगाराच्या रात्रीचं खरं नाट्य मात्र छपाईच्या रांगेत. सगळ्यांना मिळून लाइन प्रिंटर एकच. प्रत्येकाचं छापायचं काम रांगेत लागतं आणि ‘शो क्यू’ आज्ञेनं ती रांग दिसते. रांगेतलं प्राधान्य वेगळं, 0 ते 255. पगाराचं काम मागे अडकलं असेल तर ‘सेट एंट्री’नं त्याचा आकडा वाढवून ते पुढे आणता येतं.

पगाराच्या स्लिपा साध्या कागदावर निघत नाहीत. गिरणीचं नाव, रकाने आधीच छापलेले असतात. अशा कागदाला सिस्टिममध्ये ‘फॉर्म’ म्हणून नाव दिलेलं असतं. स्लिपांचं काम रांगेच्या तोंडाशी आलं तरी प्रिंटरवर साधा कागद असल्याची नोंद असेल, तर ते सुरूच होत नाही. ऑपरेटर कागद बदलतो आणि ‘सेट क्यू’ आज्ञेनं यंत्राला तसं कळवतो, तेव्हा ते हलतं. मध्येच कागद अडकला? थांबवण्याच्याही पायऱ्या आहेत. ‘स्टॉप क्यू’ म्हटलं की छपाई आहे तिथे थबकते. त्याला ‘नेक्स्ट’ जोडलं की हातातलं काम पूर्ण करून मगच थांबते. ‘रिसेट’ जोडलं की ताबडतोब सगळं बंद. आणि पुन्हा सुरू करताना ‘बॅकवर्ड’ जोडून 3 आकडा दिला की तीन पानं मागे जाऊन तिथून छपाई होते. फाटलेल्या तीन स्लिपांसाठी शेकडो स्लिपा पुन्हा काढाव्या लागत नाहीत.

आकडे बरोबर रकान्यात पडतात की नाही हे बघायला काही पानं आधी छापून कागद वरखाली सरकवावा लागतो. त्यासाठी ‘अलाइन’ हा पर्याय होता आणि त्याचा ‘मास्क’ नावाचा प्रकार होता. तो वापरला की खऱ्या मजकुराच्या जागी, प्रत्येक अक्षराऐवजी एक्स आणि प्रत्येक अंकाऐवजी 9 छापला जाई. कागद जुळवता येतो, पण कुणाचा पगार किती हे ऑपरेटरला दिसत नाही! ज्यांनी हा पर्याय घातला त्यांनी छपाईच्या खोलीत उभ्या असलेल्या माणसाचा आणि स्लिपेवर नाव असलेल्या माणसाचा, दोघांचाही विचार केला होता.

व्हीएमएसमध्ये अधिकार तुकड्यातुकड्यांनी दिले जात. पुढच्या आवृत्त्यांत असे तीसहून अधिक वेगवेगळे अधिकार होते. त्यांतला ‘ऑपर’ हा अधिकार असला की रांगा चालवता येतात, विनंत्यांना उत्तरं देता येतात, सर्वांना संदेश पाठवता येतो. दुसऱ्याची फाइल मात्र उघडता येत नाही; त्यासाठी ‘रीडऑल’ लागतो. दुसऱ्याची प्रोसेस थांबवायला ‘वर्ल्ड’ लागतो. त्या काळच्या युनिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एकच सर्वशक्तिमान खातं होतं : एक तर सगळं करता येई, नाही तर काहीच नाही. याबाबतीत व्हीएमएसची बाजू मला निःसंशय सरस वाटते. बॅकअपमध्ये हे कुंपण अडचणीचं ठरतं, कारण सगळ्या फाइली वाचल्याशिवाय बॅकअप होत नाही. तिथे तोडगा असा की बॅकअपचं काम बॅच जॉब म्हणून, म्हणजे कुणी टर्मिनलवर न बसता आपोआप चालणारं काम म्हणून, सिस्टिमच्या खात्यातून चालवायचं आणि ऑपरेटरनं फक्त रिळं चढवायची. शिवाय विनंत्या, उत्तरं, रीळ-डिस्क चढवल्या-उतरवल्याच्या नोंदी ऑपरेटरच्या लॉग फाइलमध्ये वेळेसह उमटत राहत.

पहाटे डिस्कची दुरुस्ती आहे, म्हणून यंत्र बंद करायचंय. बटण दाबून चालत नाही. शटडाउनचा प्रोग्रॅम ऑपरेटरला प्रश्न विचारतो : किती मिनिटांनी बंद करायचं? कारण काय? डिस्क फिरायच्या थांबवायच्या का? पुन्हा कधी सुरू होणार? मग प्रत्येक टर्मिनलवर कारणासकट सूचना जाते आणि वेळ जवळ येईल तशी पुन्हा पुन्हा जाते. शेवटच्या काही मिनिटांत नवं लॉगिन बंद होतं. मग रांगा थांबतात, प्रोसेस संपवल्या जातात, डिस्क एकेक करून उतरवल्या, म्हणजे वापरातून रीतसर सोडवल्या, जातात. अखेर कन्सोलवर ओळ येते की सिस्टिम बंद झाली, आता कन्सोलवरून यंत्र थांबवा.

हा क्रम चुकला तर काय होतं? डिस्कवरची कोणती जागा रिकामी आहे याचा काही हिशेब वेगासाठी मेमरीत ठेवलेला असतो आणि डिस्क रीतसर उतरवताना तो परत लिहिला जातो. वीज गेली किंवा यंत्र मध्येच थांबवलं, तर तो हिशेब जातो. पुढच्या वेळी डिस्क चढवताना व्हीएमएसच्या ते लक्षात येतं, ती नीट उतरवली नव्हती असं ते सांगतं आणि हिशेब नव्यानं मांडत बसतं. तेवढा वेळ सगळे खोळंबतात.

यातलं बरंचसं आजच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर करून बघता येतं. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत लिनक्स असतंच. एका यंत्रावर दोघांनी दोन टर्मिनलांवरून लॉगिन करा. एकानं ‘शटडाउन’ आज्ञेला दहा मिनिटांची मुदत आणि एक वाक्याचं कारण द्यावं. दुसऱ्याच्या टर्मिनलवर ते उमटेल. शेवटच्या पाच मिनिटांत तिसऱ्या मित्राला सामान्य खात्यातून लॉगिन करायला सांगा, त्याला आत घेतलं जाणार नाही. मग मुदत संपण्याआधी ‘शटडाउन’ला उणे चिन्ह आणि सी अक्षर जोडून ते रद्द करा, आणि रद्द झाल्याचं दुसऱ्या टर्मिनलवर कळतं का तेही बघा.