डीसीएफ हिरवं चमकलं म्हणजे पेरॉक्साइड वाढलं? नाही हो!

पेशींवर डीसीएफएच-डीए हा डाय टाकायचा (ऑक्सिडेशन झालं की त्याचंच चमकणारं डीसीएफ बनतं), मायक्रोस्कोपखाली हिरवं दिसलं की "हायड्रोजन पेरॉक्साइड वाढलं" लिहून मोकळं व्हायचं, हे वर्षानुवर्षं चाललंय. खरं सांगू का, पेरॉक्साइड एकटं असेल तर या डायला जवळपास ढुंकूनही बघत नाही.

होतं असं की डाय पेशीत शिरतो, तिथली एस्टरेज एन्झाइम्स त्याचे दोन अ‍ॅसिटेट कापतात, मग उरलेल्याचं ऑक्सिडेशन झालं की ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेसरखाली तो हिरवा चमकतो. पण ते ऑक्सिडेशन घडवायला मध्ये पेरॉक्सिडेज एन्झाइम, मोकळं लोह नाहीतर सायटोक्रोम सी हे लोह असलेलं प्रोटीन असं कुणीतरी लागतंच. आता गंमत बघा, मरायला टेकलेल्या पेशीत मायटोकाँड्रियातून सायटोक्रोम सी बाहेर गळतं, म्हणजे पेरॉक्साइड आहे तेवढंच असलं तरी सिग्नल वर! त्यात डायचं अर्धवट ऑक्सिडेशन झालं की जो रॅडिकल (सुटा इलेक्ट्रॉन असलेला रेणू) बनतो तो ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचंच क्रियाशील रूप) तयार करतो, त्यातून पुन्हा पेरॉक्साइड, म्हणजे जे मोजायचं तेच डाय स्वतः बनवतोय. वर लेसर जास्त वेळ मारला तर नुसत्या उजेडानेही चमकतो.

त्यापेक्षा बोरोनेट प्रोब (बोरॉनचा गट असलेले चमकणारे डाय) बरे, थेट पेरॉक्साइडशी रिअ‍ॅक्ट होतात, पण पेरॉक्सिनायट्राइट या पेशीतल्या दुसऱ्या ऑक्सिडंटशी कित्येक पटींनी जास्त वेगाने. पेरॉक्साइडच हवं असेल तर हायपरसारखा (HyPer) पेशीतच बनणारा चमकणारा प्रोटीन सेन्सर वापरा, फक्त जुन्या हायपरचा सिग्नल पीएच (आम्लता) बदलला तरी बदलतो, तेव्हा पीएचचा कंट्रोल घ्याच. आणि डीसीएफच वापरणार असाल तर "ऑक्सिडेशन वाढलं" एवढंच लिहा.